पहिली नोकरी, मे महिना आणि कवटीचा टी-शर्ट

बऱ्याच जणांचा एकच मेसेज आहे: ऑफिसला घालून जायचं काय?

आधी माझी फजिती ऐका. चंद्रपुरात एका सरकारी कार्यालयात मी कंत्राटी डेटा एन्ट्रीला लागलो. मे महिना, पारा ४५ च्या वर. म्हटलं, नोकरी कंत्राटी, तर कपड्यांचं कोण बघतो? कवटीचं चित्र असलेला टी-शर्ट घातला, पायात चप्पल.

दुपारी सिंदेवाहीकडचे एक आजोबा आले. स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले. माझ्याच टेबलासमोर उभं राहून मलाच विचारतात, "बाबू, साहेब कुठं गेले जी?"

"मीच बघतो हे काम. द्या कागद."

त्यांनी पिशवी छातीशी धरली. "राहू द्या जी. साहेब आल्यावर देतो."

पाऊण तास बाकावर बसले. शेवटी शिपाईकाकांनी समजावलं. काम दहा मिनिटांचं होतं, पण त्यांची एसटी गेली. ते माझ्यावर रागावलेही नाहीत. तेच जास्त लागलं.

बरं, नियम आधीच होता. ८ डिसेंबर २०२० चं राज्य सरकारचं परिपत्रक. त्यात कंत्राटी कर्मचाऱ्यांचा वेगळा उल्लेखच आहे! टी-शर्ट नको, चप्पल नको, विचित्र चित्रांचे कपडे नकोत. पुरुषांना शर्ट-पॅन्ट. महिलांना साडी, सलवार-कुर्ता किंवा शर्ट-पॅन्टसुद्धा. आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी. मला आधी हसू आलं होतं. पण आपल्या उन्हात खादीइतकं सुखाचं काही नाही, घाम लगेच टिपते.

खर्च फार नाही. दोन सुती शर्ट, एक काळी पॅन्ट, साधे बूट. पांढरा शर्ट मुलाखतीपुरताच ठेवा. कोळशाच्या धुळीनं संध्याकाळी कॉलर काळी होते. रोजला आकाशी बरा. इस्त्री घरीच करा. कोट? मेमध्ये कुणी सांगितला तरी घालू नका, भोवळ येईल.

बल्लारपूर, भद्रावतीहून बाईकवर येणाऱ्यांनी शर्ट बॅगेत आणावा, पोचल्यावर बदलावा. मी तेच करतो. येताना अंगात तोच कवटीचा टी-शर्ट असतो, टाकवत नाही हो!

पुढच्या भागात पहिल्या पगाराचा हिशोब. भेटूया.