प्राणवायूचे वीजबिल
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



नगरपालिकेच्या सभागृहात मैलापाण्याचा विषय निघाला की चर्चा होते ती गटारांची, नळांची आणि कंत्राटदाराची. हवेचा उल्लेख कोणी करीत नाही. परंतु सक्रिय गाळ पद्धतीच्या शुद्धीकरण केंद्रात जी वीज जळते, तिच्यातील बहुधा निम्मी किंवा त्याहून अधिक पाण्यात हवा घालण्यासाठीच जळत असते. वर फुकट मिळणारी हवा पाण्यात शिरताना इतकी महाग का होते, हे समजून घेतल्याखेरीज त्या बिलावर लोकप्रतिनिधीला अधिकाराने बोलता येणार नाही.

१९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट या दोन रसायनशास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की, मैलापाण्यात हवा सोडीत राहिले आणि तळाशी बसलेला गाळ फेकून न देता नव्या पाण्यात मिसळला, तर आठवड्यांचे काम काही तासांत होते. हा गाळ म्हणजे जिवंत जिवाणूंचा समुदाय. तो घाण खातो आणि त्यासाठी श्वास घेतो. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. तेव्हा ही विद्या या देशात काल-परवा आलेली नाही.

अडचण अशी की, प्राणवायू पाण्यात फार थोडा विरघळतो. २० अंश तापमानाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. उन्हाळ्यात जिवाणूंची भूक वाढते आणि नेमका तेव्हाच पाण्याचा हात आखडतो. शिवाय पाण्यात प्राणवायूची उणीव जितकी मोठी, तितका तो वेगाने आत शिरतो. टाकीत लिटरमागे २ मिलिग्रॅम शिल्लक असला की सामान्यतः काम भागते. सावधगिरी म्हणून तो ४ वर नेला, तर ३० अंशाला ही उणीव साडेपाचांवरून साडेतीनांवर येते आणि तेवढाच प्राणवायू घालण्यास दीडपटीहून अधिक हवा लागते. पाणी त्याने फारसे अधिक शुद्ध होत नाही. मीटर मात्र फिरतो. मध्यरात्रीनंतर शहर झोपते, मैलापाणी ओसरते, तरी वेग बदलण्याची सोय नसलेले ब्लोअर दुपारच्याच जोमाने घरघरत राहतात.

रोज १ कोटी लिटर मैलापाण्याचे शहर घ्या. लिटरमागे २०० मिलिग्रॅम जैविक प्राणवायू-मागणी धरली, तर दिवसाला २,००० किलो मागणी होते. ती भागविण्यास ढोबळमानाने तितकाच प्राणवायू हवा. एका युनिट विजेत एक किलो प्राणवायू देणारे यंत्र रोज २,००० युनिटे घेईल, दोन किलो देणारे १,०००. वर्षाला हा फरक ३ लाख ६५ हजार युनिटांचा. अमोनियाही काढावयाचा असेल, तर त्यातील प्रत्येक किलो नत्रामागे सुमारे साडेचार किलो प्राणवायू अधिक.

निविदा उघडताना मात्र पाहिली जाते ती यंत्राची किंमत. ती एकदा द्यावयाची असते. बिल वीस वर्षे भरावयाचे असते. बिल झेपेनासे झाले की काय होते, हे सांगावयास नको. रात्री ब्लोअर बंद होतात, गाळ गुदमरतो, आणि वाचलेल्या पैशाची किंमत नदीच्या खालच्या अंगाची गावे चुकवितात. ती गावे त्या पालिकेचे मतदार नसतात. १९८६ मध्ये सुरू झालेल्या गंगा कृती योजनेतील केंद्रे वीज नसल्याने अडल्याची नोंद महालेखापरीक्षकांच्या २००० सालच्या अहवालात आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील आकड्यांनुसार देशातील शहरी मैलापाणी रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर, उभारलेली शुद्धीकरण क्षमता ३१,८४१, आणि प्रत्यक्ष वापर २०,२३५. या तफावतीचे सारे खापर विजेवर फोडता येणार नाही, पण उभारलेले केंद्र चालविणे हा उभारण्याइतकाच खर्चाचा प्रश्न आहे.

विजेवाचून प्राणवायू मिळतच नाही, असेही नव्हे. कलकत्त्याच्या पूर्वेकडील भेऱ्यांत सूर्यप्रकाशावर वाढणारे शेवाळ तो पुरविते आणि त्या पाण्यात मासळी पिकते. परंतु त्या पाणथळीचा विस्तार सुमारे १२,५०० हेक्टर आहे. ठाण्याने किंवा पुण्याने एवढी जमीन कोठून आणावी? कानपूरच्या जाजमऊत १९८९ मध्ये हवेवाचून चालणारी, उलट जळाऊ वायू देणारी टाकी उभारली गेली. तिचा विजेचा खर्च कमी, पण बाहेर पडणाऱ्या पाण्याला पुढे थोडी हवा द्यावीच लागते.

बारीक बुडबुडे सोडणाऱ्या चकत्या मोठ्या बुडबुड्यांपेक्षा पुष्कळ वीज वाचवितात, पण त्या तुंबतात. त्या धुणाऱ्या कामगाराचे पद अंदाजपत्रकातून कापले, तर बचतही त्याच्याबरोबर जाते. आणखी एक मेख अशी की, विक्रेत्याच्या कागदावरील आकडा स्वच्छ पाण्यातला असतो. साबणमिश्रित मैलापाण्यात तो निम्म्यावर किंवा त्याखालीही येऊ शकतो. म्हणून निविदेतच मैलापाण्यातील हमी लिहून घ्यावी, आणि चकत्या जुन्या झाल्यावर, तिसऱ्या वर्षी, ती पुन्हा मोजून मागावी.