कान कोरडा झाला, पुढे काय?

कानाचं ऑपरेशन करून घेतलेला रसायनी-मोहोपाड्याकडचा पोरगा डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतो तो ऐकण्याचा नसतो. "पोहता कधी येईल?" हा असतो. त्यात वावगं काही नाही. खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे पाताळगंगा ऐन मे महिन्यातही वाहती असते आणि डुंबण्याची हौस पावसाळा संपला म्हणून संपत नाही. पण या प्रश्नाचं उत्तर कोणतं ऑपरेशन झालं त्यावर ठरतं. कुणाला तीन महिन्यांनी परवानगी मिळते, कुणाला जन्मभर जपावं लागतं.

'कान वाहतो' या दोन शब्दांत दोन निराळे आजार दडलेले असतात. एकात पडद्याला मधोमध भोक असतं, सर्दी झाली किंवा पाणी गेलं की पू येतो आणि एरवी कान गप्प असतो. दुसऱ्यात पडद्याचा वरचा भाग आत ओढला जाऊन तिथे कातडीचा पापुद्रा साचत जातो, वाढतो आणि आजूबाजूचं हाड कुरतडतो. हा कोलेस्टिॲटोमा. स्राव थोडा, पण वास घाण. पहिल्याला डॉक्टर 'सेफ' म्हणतात, दुसऱ्याला 'अनसेफ'. जागतिक आरोग्य संघटनेने 2004 साली जगभरात वाहत्या कानाचे साडेसहा ते तेहतीस कोटी रुग्ण असल्याचा अंदाज दिला. हे प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या देशांत तेव्हा भारत होता.

साध्या उपायांपासून सुरुवात करावी. कान नुसता पुसून कोरडा ठेवला तर भागतं का? केनियातल्या शाळकरी मुलांवर झालेला एक अभ्यास 1996 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. सोळा आठवड्यांनी नुसतं पुसलेल्या गटात सुमारे 22 टक्के कान थांबले होते, आणि काहीच न केलेल्या गटातही तेवढेच! पुसण्याच्या जोडीला थेंब आणि औषधं दिलेल्या गटात मात्र 51 टक्के थांबले. भोक बुजण्याचं प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखंच, म्हणजे कमीच राहिलं. थेंबांनी पू थांबतो, पडदा परत येईलच असं नाही. लसूण घालून कडकडीत केलेल्या तेलाने यातलं काहीच होत नाही, तरी ती वाटी अजून घरोघर निघतेच.

पडद्याच्या ऑपरेशनमध्ये सर्जन कानामागे छेद घेतो आणि कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण सोलून काढतो. ते सपाट पसरून वाळवलं की कागदासारखं कडक होतं. मग ते मायक्रोस्कोपखाली भोकाच्या आतल्या बाजूने सरकवायचं आणि विरघळणाऱ्या स्पंजचा टेकू द्यायचा. चांगल्या हातात दहापैकी आठ-नऊ पडदे धरतात. पण ही बेरीज बहुधा पहिल्या वर्षाची असते. नाक-घसा आणि कान जोडणारी नळी नीट चालत नसेल, तर धरलेला पडदाही काही वर्षांनी पुन्हा फुटू शकतो किंवा आत ओढला जातो. पडद्यामागच्या हातोडी, ऐरण, रिकीब या हाडांपैकी एखादं झिजलेलं असेल तर टायटॅनियमचा छोटा भाग बसवतात. त्याने मिळालेलं ऐकू येणं काही जणांत वर्षागणिक कमी होतं आणि क्वचित तो भाग बाहेरही येतो.

पडद्यामागे पाणी साचलेल्या लहान मुलांच्या पडद्यात घालायच्या ग्रोमेटचं, म्हणजे बारीक नळीचं, थोडक्यात सांगायचं तर त्याने ऐकू लवकर येतं, पण बहुतेक नळ्या सहा महिने ते वर्षभरात आपोआप गळतात. पिट्सबर्गमध्ये 429 मुलांच्या अभ्यासात नळी लगेच घातलेली आणि थांबून घातलेली मुलं नऊ ते अकरा वर्षांची झाल्यावर तपासली. भाषेत, अभ्यासात फरक दिसला नाही.

खरी कसोटी अनसेफ कानाची. लेखक ऑस्कर वाइल्डचा कान असाच जुना दुखणाईत होता. 1900 च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या हॉटेलातल्या खोलीतच त्यावर ऑपरेशन झालं आणि 30 नोव्हेंबरला तो गेला. कारणाबद्दल अजून वाद आहेत, पण कानातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेला जंतुसंसर्ग हे त्यातलं सर्वांत पटण्याजोगं. दैव असं की त्याचे वडील सर विल्यम वाइल्ड डब्लिनचे नामांकित कर्णतज्ज्ञ होते. 1853 साली त्यांनी कानाच्या शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिला होता.

आज या आजारावर दोन वाटा आहेत. एक, कानाच्या बाहेरच्या नळीची मागची भिंत राखायची, म्हणजे कान जवळपास मूळ रूपात राहतो, पोहता येतं, श्रवणयंत्रही नीट बसतं. पण आत पापुद्र्याचा कण उरला तर तो दिसत नाही. वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नोंदींत दहापैकी दोन ते चार जणांत आजार उरतो किंवा परततो, मुलांत आणखी. म्हणून नऊ-बारा महिन्यांनी कान पुन्हा उघडून पाहावा लागतो किंवा विशिष्ट पद्धतीचा एमआरआय करावा लागतो. दुसरी वाट भिंत काढून सगळ्याची एक मोकळी पोकळी करायची. आजार परतण्याचं प्रमाण बरंच कमी, पण ती पोकळी वर्षातून एक-दोनदा साफ करून घ्यावी लागते, तीही कायमची. थंड पाणी गेलं तर भोवळ येते.

मग निवड कशी करायची? पुस्तकात आजाराचा पसारा पाहून. पण रोजंदारीवर असलेल्या, घाटाखालच्या पाड्यावर राहणाऱ्या माणसासाठी आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: हा वर्षभराने परत येईल का? येणार नसेल, तर भिंत राखणारं देखणं ऑपरेशन त्याच्यासाठी जास्त धोक्याचं. अनेक भारतीय सर्जन भिंत काढणं पसंत करतात त्यामागे हाच हिशेब असतो, आणि तो योग्य आहे. पाताळगंगेच्या औद्योगिक पट्ट्यात आणखी एक गोष्ट: वाहता कान किंवा पोकळी असलेल्या कामगाराने आवाजापासून बचावासाठी कानात बोंडं खुपसू नयेत, कानावरून बसणारे मफ मागून घ्यावेत.

मुलांच्या तपासणीची सोय आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत मध्यकर्णाचा दाह आहे. मोठ्यांसाठी जुलै 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. आताची महात्मा फुले जनआरोग्य योजना ती हीच. कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया त्यात पहिल्यापासून होत्या. म्हणजे तेव्हा ज्यांचे कान उघडले, त्यांची दहा वर्षं आता उलटली. अशांनी कान दुखत नसला तरी एकदा मायक्रोस्कोपखाली दाखवावा, ऑडिओमेट्री करून घ्यावी आणि जाताना डिस्चार्ज कार्ड बरोबर न्यावं. भिंत राखली की काढली, हे त्यावर लिहिलेलं असतं, आणि नव्या डॉक्टरला पहिल्यांदा तेच हवं असतं.