हृदयाची मोट



मोटेचें पाणी थारोळ्यांत पडे, पाटानें वाफ्यांत जाई आणि तेथेंच जिरे. रक्तहि यकृतांत तयार होऊन असेंच अंगांत जिरतें, असें युरोपांतील वैद्य गॅलनच्या आधारें सुमारें चौदाशें वर्षें सांगत आले. ग्रंथांत आहे ना, मग झालें!

विल्यम हार्वे ह्या इंग्रज डॉक्टरानें मात्र साधा हिशेब मांडला. एका ठोक्याला हृदय किती रक्त ढकलतें? अर्ध्या तासांत ठोके किती? गुणाकार अंगांतल्या सगळ्या रक्ताहून जास्त भरला. मग एवढें नवें रक्त येतें कोठून? तेंच फिरून येतें, असें त्यानें १६२८ सालीं छापून सांगितलें.

आमचेंहि ऐकून मान डोलावूं नका. आपलाच हात पाहा. दंडाला फडकें बेतानें बांधा, शीर फुगेल. मनगटाकडे तिच्यावर एक बोट दाबून ठेवा व दुसऱ्यानें रक्त कोपराकडे झडपेपलीकडे निपटा. शीर रिकामी राहते. खालचें बोट उचलतांच भरते. झडप रक्ताला उलटें येऊं देत नाहीं. पाहून झालें कीं फडकें सोडा.

मोठ्या माणसाच्या अंगांत रक्त सुमारें ५ लिटर, आणि हृदय मिनिटाला जवळजवळ तितकेंच ढकलतें. म्हणून विळा लागून रक्त ठोक्यागणिक उसळूं लागलें, तर वेळ मिनिटांचाच असतो. माती लावूं नका, तिच्यानें धनुर्वात होतो. स्वच्छ फडकें जखमेवर जोरानें दाबा आणि दाबलेलेंच दवाखान्यांत न्या.