चावऱ्या कुत्र्याची वर्दी

इ. स. १८३२ च्या जून महिन्यांत मुंबई शहरांत कुत्र्यांवरून मोठा दंगा झाला. मोकाट कुत्रे मारण्याचा सरकारी हुकूम होता, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें पोलिसांस बक्षीस मिळत असे. त्या लोभानें शिपाई कोणाच्या दारांत बसलेले, माणसाळलेले कुत्रेही मारूं लागले. पारशी समाजांत कुत्र्यास धर्मदृष्ट्या पवित्र मानतात. त्यांतील संतप्त लोक शिपायांवर धावून गेले, आणि दुसऱ्या दिवशीं बाजार बंद पडले. डोक्यामागें बक्षीस ठरलें कीं चावरा कोणता आणि गरीब कोणता हें पाहण्याची कोणासच गरज उरत नाहीं. तो भेद सांगण्याचें काम आजही नागरिकांच्याच हातीं आहे, आणि बहुधा तेंच होत नाहीं.

एखाद्या सुशिक्षित वस्तींत काय घडतें तें पाहावें. शाळेंतून परतणाऱ्या मुलाच्या पोटरीस कोपऱ्यावरचा कुत्रा चावतो. घरांत धांदल उडते. कोणी जखमेवर हळद दाबतो, कोणी तिखट, कोणी चुना. कुत्रा शेजाऱ्यांच्या ओट्यावर जेवणारा असला तर शेजारधर्म आड येतो. "उगाच कशाला वाईटपणा घ्या?" असें म्हणून प्रकरण मिटवितात. रक्त थांबलें कीं भीतिही थांबते.

हें मौन महाग पडतें, याचें कारण रोगाच्या स्वभावांत आहे. जलसंत्रासाचा, म्हणजे रेबीजचा विषाणु जखमेंतून मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे जातो. त्यास बहुधा एक ते तीन महिने लागतात, क्वचित् त्याहूनही अधिक. एकदां लक्षणें दिसलीं म्हणजे मृत्यु जवळजवळ अटळ असतो. जें करावयाचें तें या मधल्या अवकाशांतच. जुलै १८८५ मध्यें लुई पाश्चर यांनीं पॅरिस येथें नऊ वर्षांच्या एका मुलास लस देऊन हा अवकाश माणसाच्या उपयोगाचा केला. म्हणून जखम प्रथम वाहत्या पाण्याखालीं साबणानें १५ मिनिटें धुवावी, त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें, आणि लस ठरल्या तारखांस पुरी करावी. दांत कातडींतून आरपार गेला असल्यास जखमेंत तयार प्रतिद्रव्याचें इंजेक्शनही लागतें.

उपचार सुरू झाला कीं त्याच दिवशीं नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या कचेरींत वर्दी पोंचली पाहिजे. "आमच्या गल्लींत कुत्र्यांचा सुळसुळाट झाला आहे" या वाक्यानें कारकुनाची वही भरते. कुत्रा सांपडत नाहीं. कुत्रा किती वाजतां, कोणत्या दारासमोर चावला. त्याचा रंग व अंगावरची खूण काय. कानाला निर्बीजीकरणाची खांच आहे कीं नाहीं. छेड काढली असतां चावला कीं विनाकारण. तो कोणाचा पाळीव आहे काय. आणखी कोणास चावला काय, इतकें लेखी द्यावें आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. लाळ गळणें, झोकांड्या खाणें, दिसेल त्यास चावणें अशीं चिन्हें असल्यास तीं सर्वांआधीं सांगावीं.

चावणाऱ्या कुत्र्यास काठ्यांनीं ठार करणें हा संतापाचा उपाय आहे, शहाणपणाचा नव्हे. कुत्र्याच्या लाळेंत विषाणु येतो तो रोगाचीं लक्षणें दिसण्यापूर्वीं थोडेच दिवस. चावल्यानंतर १० दिवस कुत्रा धडधाकट राहिला, तर चावण्याच्या वेळीं त्याची लाळ निर्दोष होती असें डॉक्टरांस म्हणतां येतें, आणि राहिलेल्या सुया द्यावयाच्या कीं नाहीं हें तेच ठरवितात. मारून टाकलेला कुत्रा ही साक्ष देऊं शकत नाहीं. मात्र या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबणीवर टाकूं नये.

२०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणें मोकाट कुत्र्यांचें निर्बीजीकरण व लसीकरण हें स्थानिक संस्थेचें काम आहे, आणि तें झाल्यावर कुत्रा पकडल्या जागींच सोडावयाचा असतो. परंतु २२ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पिसाळलेल्या व आक्रमक कुत्र्यांस या परत सोडण्यांतून वगळलें. ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं शाळा, रुग्णालयें, बसस्थानकें व रेल्वे स्थानकें यांच्या आवारांतील कुत्रे हलवून पुन्हां तेथें न सोडण्याचा आदेश दिला. पाळीव कुत्र्याची पुरेशी खबरदारी न घेणाऱ्या मालकास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखालीं ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. पण आक्रमक कुत्रा कोणता, हें कचेरींतल्या अधिकाऱ्यास स्वप्नांत दिसत नाहीं. ज्या घरास दुखापत झाली त्या घरानेंच तें सांगावयाचें असतें.

वर्दी देणें म्हणजे कुत्र्याशीं वैर धरणें नव्हे. टोळींतला एक चावरा नेमका दाखवून दिला म्हणजे उरलेल्या गरिबांवरचे दगड थांबतात. जे रोज रात्रीं त्यांना भाकरी घालतात त्यांनीं तर ती सर्वांआधीं द्यावी. त्यांच्याइतकी कुत्र्यांची ओळख दुसऱ्या कोणास असणार? आणि दोन दिवसांत कोणी फिरकलें नाहीं, तर तोच क्रमांक घेऊन पुन्हां कचेरींत जावें. स्वतःच्या मुलाची जखम एव्हांना भरलीही असेल. पण कुत्रा त्याच कोपऱ्यावर उभा असतो, आणि त्या वाटेनें दुसऱ्या कोणाचें मूल शाळेस जात असतें.