लोकवर्गणीचे तळे आणि खेळाचा हिशेब

गेल्या दिवाळीत, मंडईच्या दिवसांत, माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. आपल्या भंडारा जिल्ह्यातील मालगुजारी तलावांवर त्याला एक व्हिडिओ गेम रचावयाचा होता. कोणा बड्या प्रकाशकाच्या पदरी न राहता तीन मित्रांनी मिळून तो करावा आणि त्यासाठी वडिलांचे दोन एकर धानाचे शेत विकावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. "गुरुजी, बाबांना तुम्हीच समजवा," तो म्हणाला. मी म्हटले, "आधी हिशेबाची वही दाखव."

वहीत चार लाखांचा खर्च मांडला होता. संगणक, संगीत, जाहिरात, सारे काही होते. नव्हता तो एकच खर्च: तिघांच्या पोटाचा. दरमहा प्रत्येकी २५,००० रुपये धरले, तर १८ महिन्यांचे १३,५०,००० रुपये होतात. शेत विकूनही मध्येच हात टेकण्याची वेळ आली असती. मी म्हटले, "शेत राहू दे. लोकांपुढे जा."

लोकांपुढे हात पसरण्यात कमीपणा तो कसला? अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरचा एकेक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. हीच रीत आज संगणकाच्या जाळ्यावर चालते. अमेरिकेत २००९ साली निघालेल्या किकस्टार्टर या संस्थेचा नियम असा की, ठरविलेली रक्कम मुदतीत पूर्ण जमली तरच ती हाती यावयाची; न जमल्यास कोणाकडूनही काहीच घेतले जात नाही. यशस्वी झाल्यास संस्था शेकडा ५ आपले शुल्क कापून घेते. पैसे पोहोचविण्याचा खर्च निराळा.

मात्र पैसा मिळाला म्हणजे काम झाले, असे नव्हे. २०१२ साली डबल फाइन या अमेरिकन मंडळीने ४ लाख डॉलर मागितले. ८७,००० हून अधिक लोकांनी ३३ लाखांवर डॉलर दिले. पैशाबरोबर बेतही फुगला, पैसा अपुरा पडला आणि 'ब्रोकन एज' हा त्यांचा खेळ २०१४ आणि २०१५ असा दोन हप्त्यांत काढावा लागला. उलट, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीची २०१७ ची लोकवर्गणी अपुरी राहिली. तरीही त्यांचा पुराणकथांवर आधारलेला 'राजी' हा खेळ २०२० साली बाहेर पडला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले. वर्गणी फसली म्हणजे कार्य बुडालेच, असेही नाही.

थेंबे थेंबे तळे साचे, हे खरेच. पण तलावांच्या या जिल्ह्यात कोणीही सांगेल की, तळे भरते पावसाने, टिकते बांधाने, आणि पाणी सोडावयाचे ते तुडुमातून, बेताबेताने. अंदाजपत्रक हाच तो बांध. त्यात स्वतःचे वेतन लिहावे. अडीअडचणीसाठी चतुर्थांश रक्कम वेगळी धरावी. आणि विक्रीतून येणारा प्रत्येक रुपया आपला नव्हे, हे ध्यानी ठेवावे. स्टीमसारखी दुकाने सामान्यतः शंभरांतील तीस रुपये आपल्याकडे ठेवतात.

दुसरी गोष्ट वचनाची. झाडीपट्टीतील नाटकाचे तिकीट घेणारा त्याच रात्री नाटक पाहतो. इथे मात्र वर्गणीदार न पाहिलेल्या खेळासाठी पैसे देऊन वर्ष-दोन वर्षे वाट पाहतो. नफ्यात त्याचा वाटा नसतो; असतो तो केवळ विश्वास. म्हणून कामास विलंब झाला तर तो लपवू नये आणि दरमहा जमाखर्च त्याच्यापुढे ठेवावा.

माझ्या विद्यार्थ्याने बेत लहान केला आहे. आठ तलावांऐवजी एकच तलाव, तिघांऐवजी दोघे, अठरा महिन्यांऐवजी सहा. दोघांचे वेतन ३ लाख, इतर खर्च १ लाख, अडीअडचणीसाठी १ लाख, असे ५ लाख तो मागणार आहे. शुल्काची भर त्यावर. लोक देतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. परंतु यंदाही त्या दोन एकरांत त्याच्या वडिलांनी धान लावले आहे, एवढे मात्र मी पाहून आलो आहे.