घोडा कुणाचा?



अध्यक्षाने आधी आयोजकांचे आभार मानायचे, मग आपली योग्यता नाही असं म्हणायचं आणि मग तासभर बोलायचं, असा आपल्याकडे रिवाज आहे. आभार मनापासून मानतो. मधली पायरी गाळतो. तासही घेणार नाही, कारण दुपारी टेबलं मांडायची आहेत आणि निम्म्या मंडळींचा हात आत्ताच फाशांच्या पिशवीत आहे.

विषय एकच घेतो. टेबलाभोवती बसून भूमिका करायच्या आपल्या खेळांतल्या काल्पनिक राज्यांत सरदार असतो, लोहार असतो, भिकारी असतो. त्यांच्या समाजातल्या स्थानाचा फरक नियमात कसा आणायचा?

या छंदाने हा प्रश्न बहुतेक वेळा फाशावर सोडला. १९७४ला गायगॅक्स आणि आर्नेसन यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आलं. त्यात बळाचा आकडा होता, बुद्धीचा होता, कुळाचा नव्हता. १९७७च्या ‘ट्रॅव्हलर’ने तो आणला. दोन फासे टाका, बेरीज अकरा किंवा वर गेली की तुम्ही उमराव. १९८५च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’त गायगॅक्सने भलामोठा तक्ताच दिला, खालच्यातल्या खालच्यापासून वरच्यातल्या वरच्यापर्यंत. तक्ता वाचायला मजा येते. टेबलावर मात्र पहिल्या दिवशी तो आकडा पात्राची नोंद ठेवायच्या कागदाच्या, म्हणजे कॅरेक्टर शीटच्या, कोपऱ्यात जातो आणि तिसऱ्या बैठकीला उमराव आणि चांभार एकाच गुहेत, एकाच मशालीच्या उजेडात मोहरांचा हंडा निम्मानिम्मा वाटून घेत असतात. उमरावाला उमराव असण्याचा ना फायदा, ना जाच.

माझं म्हणणं असं, की स्थान हे शीटवर लिहायचं कलमच नव्हे. ते दोन पात्रांच्या मधे असतं. कोण कुणाकडे हक्काने काय मागू शकतो आणि समोरच्याने नाही म्हटलं तर काय होतं, हे लिहा. आकडा नसला तरी चालेल.

यासाठी लांब जायला नको. बाहेर क्रांती चौकात उभं राहून वर पाहा, शिवाजी महाराज घोड्यावर आहेत. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर असे आणि शिलेदार असे. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. लढाई तीच, धूळ तीच. पण घोडा पडला तर बारगीर पागेकडे पाहणार, शिलेदार घराकडे. उलट धन्याशी बिनसलं तर शिलेदार घोड्यासकट दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहील, बारगिराला पायी जावं लागेल. ही पद्धत पुढे निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिंजन्ट या फौजेच्या घोडदळातही होती. १८५७ला इथल्या छावणीत बंड झालं ते त्याच घोडदळात, आणि या चौकातला काळा चबुतरा बंडवाल्यांना झालेल्या शिक्षेची आठवण सांगतो.

हा एवढाच नियम मी एका खेळात घातला होता. ऐन चकमकीत शिलेदाराची भूमिका करणारी मुलगी एकदम म्हणाली, “मी मागे फिरते, घोड्याला बाण लागलाय.” बारगीर झालेला तिचा भाऊ चिडला. तिने शांतपणे विचारलं, “तुला दुसरा मिळेल. मला कोण देणार?” दोघांच्या शीटवर प्रतिष्ठेचा एकही आकडा नव्हता.

आकड्यांचीच हौस असेल त्यांनी मुघलांचा दरबार पाहावा. मनसबीचे दोन आकडे असत. एकावर दर्जा आणि पगार ठरे, दुसऱ्यावर किती घोडेस्वार बाळगायचे ते. लेव्हल वाढवत नेण्याचा खेळ अकबराच्या दफ्तराने आपल्या कितीतरी आधी मांडला होता! पण त्याची मर्यादाही तिथेच दिसली. १२ मे १६६६ला आग्र्यात शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं. पंचहजारी म्हणजे लहान मान नव्हे, पण तीच मनसब पुरंदरच्या तहानंतर त्यांच्या लेकाला, संभाजीराजांना आधीच मिळालेली होती. महाराजांनी रांग सोडली, खिलतही नाकारली. दरबाराचं गणित आपल्या जागी चोख असेल, पण समोरच्याला ते गणितच मान्य नव्हतं. तुमच्या नियमात खेळाडूला अशी रांग सोडता येते का, हे तपासून पाहा. सोडल्यावर पुढे काय होतं, हेही लिहून ठेवा, कारण खरा खेळ तिथून सुरू होतो.

आणि मलिक अंबर? १६१०ला खडकी वसवली ती त्याने, म्हणजे आपण बसलोय ते हे शहर. हबशी मुलखात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ता पेशवा झाला. त्याचं स्थान कुठल्या रकान्यात भरणार? निजामशाहीत त्याच्या शब्दावर फौजा हलत. जहांगीर मात्र आपल्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख शिवी घातल्याशिवाय करत नाही. एकाच माणसाची एकाच वेळी दोन स्थानं. बार्कर यांच्या १९७५च्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या खेळाने हे थोडं ओळखलं होतं. तिथे खेळाडू बंदरावर उतरलेले परके असतात आणि कुणा स्थानिकाचा आश्रय मिळेपर्यंत त्यांना परक्यांच्या वस्तीतच राहावं लागतं. (याच बार्करांनी टोपणनावाने नाझीधार्जिणी कादंबरी लिहिली होती, हे २०२२ला उघड झालं. नियम घ्या, आरती ओवाळू नका.)

आता अवघड जागा, जातीची. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून या शहराने १९७८ ते १९९४ अशी वर्षं पाहिली, मराठवाड्यात माणसं मेली, घरं जळली. अशा ठिकाणी ‘अमुक जन्म, बळ अधिक दोन’ असा नियम कुणी छापू नये. पण आमच्या राज्यात जात नाहीच, असं म्हणून वतन, बलुतं, गावकूस मात्र चित्रासारखं छान काढायचं, हेही मला पटत नाही. गावगाड्यात शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष मोलाची धरली जाई. पाटील मोठा खरा, पण हद्द कुठून जाते हे महार सांगणार. त्याच माणसाला त्याच गावच्या देवळाची पायरी चढता येत नसे. हे दोन्ही एकत्र लिहिण्याचं धाडस असेल तरच गाव लिहा. आणि भूमिका वाटताना आडनाव पाहू नका. हे सांगावं लागतं, कारण तसं होताना पाहिलंय.

मला स्वतःला सगळ्यात जास्त मोह पडतो तो मानपानाच्या तंट्यांचा. होळीत पहिली पोळी कुणाची, पोळ्याला वेशीतून आधी बैल कुणाचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडलेली घराणी आहेत. तंटा गोतसभेपुढे जाई, साक्षी होत, निकालाचा महजर लिहिला जाई आणि त्यावर पाटलाच्या नांगरासारख्या निशाण्या उमटत. इथे फाशाचं काम नाही. ज्यांची पात्रं वादात नाहीत ते सगळे गोत म्हणून बसतील, साक्ष देतील, आणि प्रत्येकाला आठवत असेल की लोहाराचं बलुतं गेल्या सुगीला कोणी थकवलंय.

दुपारी माझ्या टेबलावर हेच आहे, दोन पाटील, एक पोळी आणि सात बलुतेदार. बलुतेदारांच्या जागा सकाळीच भरल्या. पाटील व्हायला अजून कुणी तयार नाही. नाव द्यायचं असेल तर जेवणाआधी द्या, आणि निशाणी काढायला पेन्सिल आपापली आणा.