एक्सोसोमसाठी सौम्य पद्धत कशासाठी?



प्रयोगशाळेसाठी मिळालेल्या देणगीतून अतिवेगवान सेंट्रिफ्यूज का घेतले नाही, असा प्रश्न काही देणगीदारांनी विचारला आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; शास्त्रीय भाग आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतला, तसा मांडतो.

शरीरातील पेशी मेदाच्या पातळ आवरणाच्या अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. त्यांतील एक प्रकार म्हणजे एक्सोसोम. १९८३ साली मॉन्ट्रियल व सेंट लुईस येथील संशोधकांना ते अपरिपक्व तांबड्या रक्तपेशींत आढळले. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. मूळ पेशीतील प्रथिने व आरएनए घेऊन ते रक्तात, लघवीत उतरतात. त्यामुळे गाठीचा तुकडा न काढता तिची खबर मिळेल, अशी आशा आहे. प्रोस्टेटसाठी लघवीवरील अशी एक चाचणी अमेरिकेत २०१६ साली उपलब्ध झाली.

अडचण आहे ती हे कण वेगळे करण्याची. सेंट्रिफ्यूजमध्ये नमुना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १,००,००० पट बलाने तासाहून अधिक काळ, बहुधा दोनदा, फिरवितात. कण तळाशी बसतात खरे. परंतु त्या दाबाने ते एकमेकांस चिकटतात, काही फुटतात. आमच्या हिशेबी भाषेत, थैली जमा झाली आणि ऐवज गळाला!

दुसरी पद्धत सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या नळीची. नमुना वरून सोडला की स्वतःच्या भाराने खाली झिरपतो. लहान प्रथिने मण्यांच्या छिद्रांत शिरून रेंगाळतात. एक्सोसोम मोठे, म्हणून ते आधी आणि बव्हंशी शाबूत बाहेर पडतात. अर्धा मिलिलिटर नमुनाही पुरतो. अशक्त रुग्णाचे पुन्हा रक्त काढावे लागू नये, याचे मोल मला यंत्राच्या किमतीपेक्षा अधिक वाटते. अर्थात ही पद्धत निर्दोष नाही. रक्तातील मेदप्रथिनांचे कण सोबत येतात, आणि मिळणारा द्रव पातळ असतो. तो गाळणीने पुन्हा घट्ट करावा लागतो.

सध्या हे काम केवळ अभ्यासापुरते असून, लेखी संमती देणाऱ्या रुग्णांच्या तपासणीनंतर उरलेल्या नमुन्यांवरच होईल. काही नातेवाईक एक्सोसोमच्या इंजेक्शनांविषयी विचारतात. अशा अमान्य उपचारांविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता. आपल्या रुग्णालयात ती दिली जाणार नाहीत.

नळ्यांचा खर्च व शिल्लक रक्कम हिशेबपत्रकात स्वतंत्र दाखविली आहे.